तवंदीच्या घाटात दोनदा

“उस्ताद, मला हात का लावलासा?”

तवंदीचा घाट नुकताच चढून झाला होता. बाकीचे सायकलवाले टपरीवर चहा पीत होते, आणि भरतेश मगदूम भर उन्हात दस्तगीर उस्तादांसमोर उभा होता.

“कुठं?” उस्तादांनी विचारलं.

“मधल्या वळणावर. माझ्या पाठीला. ढकललंत मला.”

“हां... ते व्हय. डुलायला लागला हुतास की.”

“पडलो असतो तरी चाललं असतं!”

मिरजेहून कन्याकुमारीला निघाल्याचा आमचा तो दुसराच दिवस. पेशंटला दवाखान्यात खाट मिळते, सोबत आलेला मात्र जिन्याखाली झोपतो. त्याच्यासाठी धर्मशाळा बांधायची, तिच्या वर्गणीसाठी ही सायकलयात्रा काढलेली.

दस्तगीर मुलाणी आमचे उस्ताद. वय एकाहत्तर, सायकलदुरुस्तीचं दुकान. सहा महिने रोज पहाटे म्हैसाळच्या रस्त्यावर त्यांनी आम्हाला पिदडून काढलेलं, तेही फुकट. मी त्यांचा सर्वांत नालायक शिष्य. पहिल्याच दिवशी कागलच्या अलीकडे माझ्या गुडघ्यानं राम म्हटला आणि मी सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. टेम्पो कायम शेवटच्या सायकलमागं ठेवायचा, असा उस्तादांचा नियम. म्हणून तर हे सगळं मला ऐकायला मिळालं.

भरतेश त्यांचा सर्वांत तयार शिष्य. आणि सर्वांत ताठ.

“मी बोललोय, उस्ताद.” त्याचा आवाज चिरकला. “आईच्या फोटोसमोर बोललोय. मिरज ते कन्याकुमारी, वीतभरसुद्धा दुसऱ्याच्या जिवावर जाणार नाही. आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी माझा घाट मोडलासा.”

त्याची आई गेल्या वर्षी गेली. एकोणीस रात्री तो दवाखान्याच्या जिन्याखाली झोपला होता. कुणाचं पांघरूण घेतलं नाही, कुणाच्या डब्यातला घास घेतला नाही. हे त्यानंच आम्हाला सांगितलेलं, आणि सांगताना त्याची मान जरा वर होती.

उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“मग आता रं?”

“मी खाली जातो. पायथ्यापासून परत चढतो. तुम्ही सगळे पुढं व्हा.”

“बेळगाव लांब हाय अजून.”

“असू दे.”

“अरे, अर्धं मिनिट हात लागला असेल, एवढ्यासाठी...” मी मध्ये तोंड घातलं. दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट टेम्पोत जाऊन बसलो.

उस्ताद उठले. पायजम्याची टोकं मोज्यात खोचली आणि आपली काळी लोखंडी सायकल वळवली.

“तुम्ही कशाला?” भरतेश म्हणाला.

“मीच मोडला न्हवं? मग मलाच यायला पायजे. चल.”

बाकीचे पुढं निघाले. हे दोघं पलीकडच्या रस्त्यानं सुसाट खाली गेले, पायथ्याशी वळले आणि पुन्हा चढायला लागले. मागं आमचा टेम्पो, पहिल्या गिअरात. खिडकी उघडीच होती.

या वेळी उस्ताद भरतेशपासून चार हात लांब राहिले. दोन्ही हात हँडलवर, त्याला दिसतील असे.

पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, “आईला शेवटी उठता येत हुतं का रं?”

“नाही.”

“मग जेवायची कशी?”

“मी उठवून बसवायचो.”

“एकट्यानं?... कसं?”

“पाठीला हात लावून.”

चेनचा तेवढा आवाज येत राहिला.

“हात लावला की काय म्हणायची?”

भरतेशनं पायडलवर जोर दिला.

“म्हणायची, राहू दे, मी बसते माझी.” त्यानं बाहीनं घाम पुसला. “आणि मग... रेलायची हातावर.”

मधलं वळण आलं. भरतेश डुलला नाही. या खेपेला उस्तादांची सायकल डुलायला लागली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एका सकाळी तोच घाट दोनदा! पुढचं चाक पांढऱ्या पट्टीवरून आत यायचं, परत बाहेर जायचं. उसाचा एक ट्रक भोंगा वाजवत अगदी जवळून गेला. मी ड्रायव्हरला म्हणालो, “थांबव, त्यांना आत घेऊ.”

त्याआधीच भरतेशनं सायकल त्यांच्या उजव्या अंगाला घेतली. एक हात हँडलवर. दुसरा हात त्यानं उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि मग तळवा उस्तादांच्या घामानं भिजलेल्या सदऱ्यावर टेकवला.

उस्तादांनी मान वळवली नाही.

“राहू दे रं,” म्हणाले. “चढतो की माझा मी.”

आणि जरासे मागं रेलले.

तसेच दोघं वरपर्यंत आले. अख्खा उरलेला घाट भरतेशचा हात त्या पाठीवरून हलला नाही.

वर आल्यावर तो सायकलवरून उतरला, कडेच्या दगडावर बसला आणि ढसाढसा रडला. आई गेल्यापासून हा माणूस रडलेला नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही भरून आलं. कितीही ताठ असला, तरी या पोराचा मला लळा लागला होता, हे तिथं मला कळलं.

टपरीवाल्यानं न सांगता पाण्याचा तांब्या आणून दिला. भरतेशनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघट प्यायला.

उस्ताद त्याच्याजवळ उभे होते. त्यांचा श्वास जागेवर आला. मग त्यांनी हळूच आपली सायकल पुन्हा उताराकडं वळवली.

“आता कुठं?” भरतेशनं तोंड पुसत विचारलं.

“खाली,” उस्ताद म्हणाले. “आता माझा घाट मोडला की रं.”