रिकाम्या गाडीचं माप

मला हे सांगायचं नव्हतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अंक निघतो, त्यात दर खेपेला कुणीतरी दृष्टांत लिहितं. ह्या खेपेला चिटणीस मंदाताई सबनीस माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. मी म्हटलं, बाई, माझी चौथी झाली नाही, जन्म मार्केट यार्डात पोती वाहण्यात गेला, मला राजा, ऋषी, अरण्य असलं काही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक असेल ते लिहा, पण सुरुवात 'एकदा एक' अशी करा आणि शेवटी एका ओळीत तात्पर्य द्या. घ्या मग.

एकदा एक गुरू होता. त्याचा आश्रम बायपासला, पेट्रोल पंपाच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर पाटी, 'व्हील अलाइनमेंट', म्हणजे गाडीची चाकं मापून सरळ करायचं काम. दुपारचं माझं बसायचं बाकडं त्याच्याच दारात असतं, म्हणून सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या हाताखाली एक शिष्य. शिष्य म्हणजे पोर नव्हे, तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. कामाला इतका नेटका की गाडी मापाला घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला खाली उतरवणार, डिकी रिकामी करणार, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढून ठेवणार. माप शुद्ध आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

आणि एक व्यापारी. फरशीचा. देहानं भरभक्कम. त्यानं हौसेनं दोन दारांची पिवळी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि वर स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली बसवली होती. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी होती. झेप घेण्यापूर्वी मांजर दबून बसतं तशी रस्त्यावर बसायची. मला गाड्यांचं काडीचं कौतुक नाही, पण तिच्याकडे बघत मी हातातला चहा थंड होऊ दिलेला आहे.

त्या दिवशी व्यापारी आला तो तापूनच.

"तुमच्या ह्या माणसानं अलाइनमेंट केली आणि महिन्यात टायर गेला. बघा."

उजवीकडच्या पुढच्या टायरची आतली कड झिजून तारा बाहेर आल्या होत्या. बाहेरची कड मात्र कोरी.

"चाक वाकडं बसवलंय ह्यानं. ह्याला काढा. नाहीतर मी आणि माझी सगळी मंडळी उद्यापासून दुसरीकडे."

शिष्यानं जुना टायर उतरवला. नवा टायर चढवला, गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, तिचं पोट घासू नये म्हणून आधी फळ्या टाकल्या, आणि नेहमीप्रमाणे सगळं सामान बाहेर काढून माप लावलं. चाक वरच्या बाजूनं आत किती कललंय, त्याला हे लोक कॅम्बर म्हणतात. पडद्यावर डावीकडचं आणि उजवीकडचं कॅम्बर अगदी सारखं, दोन्ही हिरवं, म्हणजे बिनचूक.

"वस्ताद, मी केलेलं तसंच आहे," तो म्हणाला. "तरी टायर खाल्ला. मला कळत नाही. माझ्यापायी तुमचं गिऱ्हाईक नको तुटायला. जातो मी." आणि हात पुसून डबा उचलायला लागला. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

"डबा ठेव," गुरू म्हणाला.

तो गाडीभोवती फिरला. काचेतून ड्रायव्हरची सीट बघितली. सीटचा फोम एका अंगाला पार बसला होता.

"शेठ, वजन किती तुमचं?"

"ऐंशी."

शिष्यानं मान खाली घातली. मी छताचे पत्रे मोजायला लागलो.

"बसा आत," गुरू म्हणाला.

"मी कशाला? मागच्या वेळी मला उतरवलं होतं."

"म्हणूनच बसा."

व्यापारी पुटपुटत आत उतरला. हो, त्या गाडीत चढत नाहीत, उतरतात. गुरूनं शिष्याला डिकीतलं सगळं परत भरायला लावलं. फरशीच्या नमुन्यांची पेटी आत, बाटलीसुद्धा आत. तो मागं पेट्या लावत होता, तेवढ्यात गुरू स्वतः खड्ड्यात उतरला आणि पाने फिरवत राहिला. एवढं वय, पण हात कुठं अडत नव्हता. मी आयुष्यात कामाची माणसं पुष्कळ पाहिली. असा हात थोडाच बघितला.

मग वर येऊन म्हणाला, "शेठ, या बाहेर."

शेठना बाहेर येता येईना. एकदा प्रयत्न झाला, दोनदा झाला. शेवटी ज्याला काढून टाका म्हणत होते त्यानंच हात दिला आणि ओढून काढलं. व्यापारी उभा राहिला, त्यानं पडद्याकडे पाहिलं. उजवी बाजू लालभडक.

"हे तर वाकडं केलंत तुम्ही," तो म्हणाला.

शिष्यही गोंधळला. "वस्ताद, सारखं होतं की आधी."

"होतं. तुझं माप खोटं नव्हतं," गुरू म्हणाला. "पण ते रिकाम्या गाडीचं होतं, आणि रिकामी गाडी रस्त्यावर कधी जात नाही. उंच गाडी ओझं पोटात घेते. हिला आपण इतकं खाली बसवलंय की माणूस बसला की चाकापर्यंत जाणवतं. शेठ एकटेच फिरतात, उजवी बाजू दबते, चाक आत झुकतं, कड घासते. मोकळी असताना ती वाकडी दिसू दे. तिच्यावर काय बसणार आहे ते धरून तिला सरळ करायचं. शेठ, पुन्हा बसा."

व्यापारी पुन्हा बसला. गाडी उजवीकडे जराशी दबली. पडद्यावरचे आकडे सरकत सरकत आले आणि दोन्ही बाजू हिरव्या झाल्या.

व्यापाऱ्यानं आत बसूनच तो हिरवा रंग बघितला. मग न सांगता त्यानं दारातून हात बाहेर काढला, शिष्याकडे. शिष्यानं ओढून उभं केलं. उभा राहिल्यावरही त्यानं हात सोडला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आणि ऐंशी नाही. एकशे दहा."

दुसऱ्या दिवशी बाकड्यावरून मी ऐकलं, शिष्य एका गिऱ्हाइकाला सांगत होता, उतरू नका, बसून राहा.

आता तात्पर्य. जन्मभर मी उजव्या खांद्यावर पोतं वाहिलं, त्यामुळे अंग डावीकडे कलून बसलं ते बसलंच. खांद्यावर पोतं द्या, मी ओळंब्यात उभा राहतो. आज पोतं नाही, म्हणून दिवाळीच्या फराळाला संघाच्या हॉलच्या दारात मला झुकत येताना पाहून एका सभासदानं सगळ्यांदेखत विचारलं, सकाळी सकाळीच घेऊन आलात काय. सगळे हसले. मी दारूला आयुष्यात शिवलेलो नाही.

फरशीच्या व्यापाऱ्यानं उभ्या उभ्या माफी मागितली. सभासद पद्माकर खळदकरांनी अजून मागितलेली नाही.