सुचेल रंगारी आणि निळी नदी

शीतोदा नदीच्या काठी हेमकूल नावाचे नगर होते. तेथे पुष्यजित राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने एका रंगाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुचेल. वयात येईतो निळीच्या कामात त्याचा हात असा बसला की त्याच्या कुंडातले वस्त्र न्यायला दूरदेशीचे व्यापारी दाराशी ताटकळत. रस्त्यातून जाताना लोक त्याला वाट करून देत. सुचेलला आपल्या रंगाचा अभिमान होता आणि तो अनाठायी नव्हता.

पुष्यजिताला नव्या वस्त्रांचा भारी सोस. त्याने दवंडी पिटवली की दर पौर्णिमेच्या उत्सवाला प्रजेने नवे निळे वस्त्र लेऊन यावे. एकदा नेसलेले पुन्हा अंगावर दिसू नये. कापड राजकोठारातून मिळू लागले. मग कापसाच्या शेतांनी तळी आटवली, कापड उकळायच्या भट्ट्यांसाठी डोंगर बोडके झाले. उत्सव सरला की वेशीबाहेर टाकलेल्या वस्त्रांचे ढीग धुमसत राहात. सुचेलची कुंडे वाढत गेली. रंगवलेले कापड नदीत खळबळले जाई आणि सुटलेला रंग धारेबरोबर निघून जाई. तो कोठे जातो, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

त्याची लेक उत्पला नदीच्या खालच्या अंगाला, नीपग्रामात दिली होती. नातू रांगू लागल्याचे कळले तेव्हा सुचेल मऊ दुपटे घेऊन नावेने तिच्या घरी गेला. उत्पला घरात नव्हती. बऱ्याच वेळाने ती डोंगरातल्या झऱ्यावरून घागर घेऊन आली, घामाने निथळत.

"अगं, दाराशी नदी असताना एवढ्या लांब कशाला गेलीस?" त्याने विचारले.

उत्पलाने घागर उतरवली. तिची सासू म्हणाली, "व्याहीबुवा, ती नदी आता आमच्या कामाची राहिली नाही. पोराला त्या पाण्याने न्हाऊ घातलं की अंगावर चट्टे उठतात. मासे गेले. गुरं तोंड लावत नाहीत."

सुचेलने नातवाला जवळ घेतले. त्याचे पाय लाल, खरबरीत झाले होते. "मला का नाही कळवलंस?" तो लेकीला म्हणाला.

"बाबा, पहिल्यांदा पाणी निळं झालं, तेव्हा मी साऱ्या बायकांना बोलावून दाखवलं," उत्पला म्हणाली. "म्हटलं, बघा, हा माझ्या बाबांचा रंग! मला केवढा अभिमान वाटला होता. मग तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

सुचेलने नातवाला तिच्या हाती दिले. तो हेमकूलला परतला आणि उत्सव बंद करा, अशी त्याने राजाला विनवणी केली. राजा हसून म्हणाला, "तुला नको असेल तर राहू दे. नगरात रंगारी काय तू एकटाच आहेस?"

तेव्हा सुचेलने आपली कुंडे बंद केली, राजाने दिलेला मानाचा शेला परत केला आणि तो नीपग्रामात येऊन राहिला. "ज्या नदीत मी रंग सोडला, तिचेच पाणी मी पिणार," तो म्हणाला. उत्पलाने पाय धरले, ती रडली. तो ढळला नाही. हळूहळू त्याचे अंग खंगत गेले.

इकडे बाकीच्या रंगाऱ्यांना ती निळाई साधेना. अशात शेजारचा राजा भेटीला येणार, अशी वार्ता आली. सुचेलची मनधरणी करायला पुष्यजित स्वतः नावेत बसला. नीपग्रामाला पोहोचेतो ऊन माथ्यावर आले होते. तहानेने व्याकूळ झालेला राजा उतरताच पाण्याशी वाकला.

"महाराज, नको!" काठावर निजलेला सुचेल कसाबसा उठला आणि त्याने राजाचा हात धरला. "हे पिऊ नका. उत्पला, झऱ्याचं पाणी आण."

"तू तर हेच पितोस, असे ऐकले."

"मी ते रंगवले, म्हणून पितो. आपण तहानलेले पाहुणे आहात."

राजाने त्या कृश हाताकडे पाहिले. घागर घेऊन आलेल्या उत्पलाकडे, तिच्या कडेवरच्या पोराच्या चट्ट्यांकडे पाहिले. "रंग तुझा होता सुचेल, पण आज्ञा माझी होती," तो म्हणाला. सेवकांना हाताने थोपवून त्याने नदीचे ओंजळभर पाणी प्राशन केले. त्याचे तोंड कडूजहर झाले.

"आता सांग, मी काय करू?"

"महाराज, वस्त्रामागे शेत असते आणि वस्त्रापुढे नदी. वस्त्र जितके टिकेल, तितका त्या दोघांना विसावा. उसवले तर शिवावे, विटले तर तेच पुन्हा रंगवावे, विरले की दुपटे करावे, दुपटे झिजले की पोतेरे."

पुष्यजिताने उत्सवाची आज्ञा मागे घेतली. सुचेल आता झऱ्याचे पाणी पिऊ लागला आणि बरा झाला. त्याने रंगाचे पाणी खड्ड्यांत साठवून, तळाशी बसलेली नीळ पुन्हा कुंडात घ्यायची रीत बसवली आणि इतर रंगाऱ्यांनाही शिकवली. पावसाळे गेले, नदी निवळली, मासे परतले आणि नीपग्रामात पुन्हा जाळी पडली.

शेजारचा राजा पुढे पुन्हा भेटीला आला, तेव्हा पुष्यजित रफू केलेल्या उत्तरीयात सिंहासनावर बसला होता. पाहुण्याची नजर त्या टाक्यांवर गेली. पुष्यजित ताठ मानेने म्हणाला, "नीट पाहा. असे वस्त्र तुमच्या भांडारात नसेल. हे माझ्याबरोबर म्हातारे होत आहे." सभेतल्या प्रत्येकाने आपापले जुने वस्त्र त्या क्षणी सावरून घेतले, आणि ते लाजेने नव्हे.

ही हकीकत शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सुनंद नावाच्या भिक्षूला सांगितली. अंगावरचे जरासे उसवलेले चीवर टाकून तो नवे मागायला आला होता. शास्ते म्हणाले, "सुनंदा, त्या वेळचा पुष्यजित राजा तू होतास. उत्पला ही आजची भिक्षुणी क्षेमवती. आणि सुचेल रंगारी मीच होतो. ओंजळभर पाण्याने तू तेव्हा जे मिळवलेस, त्याचे नाव संतोष."

सुनंदाने वंदन केले, टाकलेले चीवर उचलले आणि सुई मागून घेतली.