सम्राटाच्या तोंडी कोल्हापूर

मुंबईच्या एका रॅप-स्पर्धेत एमसी सम्राट सलग तीन वर्षं पहिला आला होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. यंदा अंतिम फेरीत त्याच्यासमोर कोल्हापूरकडची शबाना मुजावर उभी राहिली, तेव्हा तो माईकमध्येच हसला.

"कोल्हापूरकडच्यांनी उसाला पाणी पाजावं. रॅपला शहराची भाषा लागते, गावठी बोली नाही!"

परीक्षकही हसले. हसणं भागच होतं, कारण त्यांना परीक्षक म्हणून सम्राटच बोलावत असे.

शबाना म्हणाली, "पटलं, दादा. मग या फेरीत मी माझ्याकडचं बोलते, तुम्ही फक्त तुमच्याकडचं बोला. आमचा गावठी शब्द तुमच्या तोंडात आला, की पब्लिकनं 'कोल्हापूर!' म्हणून ओरडायचं."

"कबूल!" सम्राट गरजला. बीट सुरू झाली.

"ऐक भावा..."

"कोल्हापूर!" पब्लिक ओरडलं.

"आपला नादखुळा..."

"कोल्हापूर!"

मग त्यानं आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची ओळ काढली. "जाळ अन् धूर संगटच..."

या वेळी तर त्याचे स्वतःचे चाहतेच सर्वांत मोठ्यानं ओरडले. सम्राटानं चौथ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बीट बिचारी एकटीच वाजत राहिली.

शबाना म्हणाली, "दादा, उसाला पाणी आम्ही पाजतोच. रस तुम्ही पिता. पिताना निदान उसाला नावं तरी ठेवू नका."