शेवटचा हात कोणाचा

“सर, याहून वेगळा पुरावा काय हवा?”

शार्दूलने लॅपटॉप केळुसकर सरांपुढे सरकवला. प्रोग्राम लिहायला त्याला सरांनीच शिकवलं होतं. आता तो कंपनीत टीम लीड. पोरगा हुशार, हुशारीची मस्तीही होती, खोटं कशाला बोला!

कंपनीने रक्तपेढीसाठी केलेल्या प्रोग्रामने मुदत संपलेली रक्ताची पिशवी ‘चालेल’ म्हणून दाखवली होती. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

“मागची आवृत्ती आणि आताची, दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. चूक या ओळीत आहे. ओळ बदललीय, आणि शेवटचा हात माझ्या टीममधल्या रेहानाचा. ओळ शेवटी कोणी बदलली त्याचं नाव तिच्यापुढे येतं, हे बघा. आजच काढून टाकतो तिला.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, मी फक्त वेड्यावाकड्या ओळी सरळ लावल्या. सगळे असंच म्हणतात, सर!”

“रडली?”

“…रडली. पण रडून नाव पुसलं जातं का?”

सरांनी चष्मा नाकावर चढवला, सगळा प्रोग्राम निवडला आणि एकच कळ दाबली. हजारो ओळी एक घर उजवीकडे सरकल्या.

“अहो सर, हे काय!”

“घाबरू नकोस, तुझी सरावाची प्रत आहे. माझ्या नावाने जतन कर.”

शार्दूलने कुरकुरत जतन केलं.

“आता लॅपटॉपला विचार, कुठल्या ओळीला शेवटचा हात कोणाचा?”

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव उमटलं. केळुसकर, केळुसकर, केळुसकर. त्या चुकीच्या ओळीपुढेही केळुसकरच.

“घे. रक्तपेढीला कळव, म्हाताऱ्याने घात केला.”

शार्दूल खो खो हसला. “काहीतरीच काय, सर! तुम्ही ओळी नुसत्या सरकवल्यात. चूक आधीपासूनची आहे, तुमचा काय संबंध…”

तो मध्येच थांबला. कान लाल झाले. भयंकर लाज वाटली त्याला.

त्याने लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढला.

“मग चूक कोणाची, सर?”

“जुन्या आवृत्त्या एकेक करून उघड, सापडेल. पण आधी ऑफिसात जा. आत्ता हसत मला जे सांगितलंस, ते रेहानाला सांग. आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांग.”