पालथी घागर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तळं मात्र आठवतं. डोंगराच्या कुशीत मोठं तळं, त्याला मातीचा जाडजूड बांध आणि बांधाखाली वसलेली राजधानी.

तिथला राजा तरुण होता आणि भारी चौकस. चिंच आंबट का, सरडा रंग का बदलतो, मुंग्या रांग का सोडत नाहीत, असले प्रश्न त्याला दिवसभर पडत. उत्तर मिळालं नाही तर त्याला घास गोड लागत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. कुणाचं काही गाऱ्हाणं असलं, की त्यानं घरची घागर आणून राजवाड्याच्या पायरीवर पालथी घालावी आणि शेजारी बसून राहावं. आरडाओरडा नाही, काठी नाही, धोंडा नाही. मग राजानं खाली यावं, गाऱ्हाणं ऐकावं, घागर सुलटी करावी आणि तिच्यात तळ्याचं ओंजळभर पाणी घालावं. पाणी घातलं म्हणजे गाऱ्हाणं पटलंच असं नव्हे. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

एका वर्षी पायऱ्यांवर घागरी फार झाल्या. शेजारच्या राज्याचे पाहुणे आले, त्यांनी त्या पाहिल्या आणि ते मिशीत हसले. राजाला ते झोंबलं.

प्रधान वाटच बघत होता. तो म्हणाला, "महाराज, या लोकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घागर पालथी घालणं हाच गुन्हा ठरवा. पायऱ्या कशा लख्ख राहतील."

पौष महिन्यात दवंडी पिटली गेली. राज्यात कुठंही कुणी घागर पालथी घालायची नाही. घालणाऱ्याशेजारी बसायचं नाही. बसलेल्याविषयी बोलायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा घागर घेऊन पायरीवर आला. ती पालथी घालून तो टेकतो न टेकतो तोच शिपायांनी त्याला उचललं. राजा सज्जातून बघत होता.

"हा काय सांगायला आला होता?" त्यानं विचारलं.

"कायद्यात पकडायचं लिहिलंय महाराज," प्रधान म्हणाला, "विचारायचं नाही."

राजा आत गेला. मुंग्यांच्या रांगेमागे अर्धा दिवस हिंडणारा हा माणूस, त्यानं नेमका हाच प्रश्न सोडून दिला. मला याचं अजून नवल वाटतं.

पायऱ्या खरोखरच लख्ख झाल्या. पण हळूहळू राजाला करमेना. चिंच आंबट का, असं विचारलं तर दरबारी म्हणत, "महाराज म्हणतील तशी." बाजारातून तो चालला की बोलणी थांबत. आचाऱ्याला विचारलं, आमटीत मीठ जास्त झालं का, तर आचारी नुसता हात जोडून उभा राहिला. सगळं राज्य मूग गिळून बसलं होतं. एवढी माणसं एकाच वेळी गप्प कशी होतात, हा नवा प्रश्न राजाच्या डोक्यात घुसला. चैत्रातल्या एका दुपारी कुणाला न सांगता तो एकटाच बाहेर पडला.

चालत चालत तो बांधाखालच्या आळीत पोचला. तिथं एक म्हातारी अंगणात उभी होती. राख-चिंचेनं घासलेली घागर तिनं दोन्ही हातांनी हवेतच पालथी धरली होती.

"आजी, हे काय?"

म्हातारीनं त्याला ओळखलं. "घागर निथळतीया म्हाराज."

"मग खाली ठेवा की."

"ठिवली की पालथी पडंल. शेजारणीनं ठिवली व्हती, तिला धरून न्येलं. आता आमी समद्याजणी अशाच धरून उभ्या ऱ्हातो."

राजाला हसू आलं, आणि ते तिथंच विरलं. त्याचे जोडे ओले झाले होते. त्यानं खाली पाहिलं. चैत्राच्या उन्हात अंगणभर चिखल.

"आजी, हे पाणी कुठून येतंय?"

म्हातारीनं घागर आणखी घट्ट धरली. राजानं तिच्या हातातली घागर घेतली आणि स्वतःच्या हातानं जमिनीवर पालथी घातली. "आता सांगा."

म्हातारी रीतीप्रमाणे घागरीशेजारी बसली. "बांध पाझरतोय. पौषापासनं. माझा धनी बांधाचा राखणदार हाय. त्योच सांगाया आला व्हता तुमच्या पायरीवर. तवा दोन पाट्या मातीचं काम व्हतं म्हाराज. तुमी त्याला कोठडीत घातलं, मग कोण बोलंल?"

राजा बांधाकडे धावला. जिथं दोन पाट्या माती पुरली असती तिथं आता माणूस शिरेल एवढी भेग होती. चिखलात रुतणारे जोडे टाकून राजा अनवाणी दारोदार ओरडत फिरला. माणसं निघाली, गुरं निघाली, म्हातारीही निघाली. दिवस मावळायच्या आत बांध फुटला. जीव वाचले, पण आळी वाहून गेली आणि तळ्याचा तळ उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिलं, राजवाड्याच्या पायरीवर एक घागर पालथी आहे आणि तिच्याशेजारी राजा बसला आहे. कोठडीतून सुटलेला राखणदार बायकोचा हात धरून पुढं आला.

"तुमचं काय गाऱ्हाणं, म्हाराज?"

"माझं राजाविरुद्ध गाऱ्हाणं आहे," राजा म्हणाला. "तुम्ही बोलायला आलात आणि त्यानं ऐकलं नाही."

राखणदारानं ऐकून घेतलं. वाकून घागर सुलटी केली. मग रीतीप्रमाणे पाणी घालायला त्यानं इकडंतिकडं पाहिलं. पण तळ्याचं ओंजळभर पाणीही कुठं उरलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. "पाणी पुढल्या पावसात यील. कायदा तेवढा आजच काढा."

राजानं तो तिथंच, पायरीवर बसल्या बसल्या काढला. आधी घागरी पाहून हसलेले पाहुणे पुढं कधी आलेच, तर राजा त्यांना मुद्दाम पालथ्या घागरींच्या पायऱ्यांवरूनच आत नेत असे.

जिथं गाऱ्हाणं सांगणं गुन्हा ठरतं, तिथं संकट न सांगता दारात येतं.