सहाणेची शाल

अंबरगडच्या शस्त्रागारातलं धार लावायचं सहाणेचं चाक वेडंवाकडं झालं होतं, आणि ते गोल करायलाच बंदी होती!

बंदी खुद्द महाराजांची. हे दगडी चाक त्यांच्या आजोबांनी आणवलेलं. म्हणून महाराजांनी त्याला ‘श्रीमंत’ हा किताब दिला, जरीची शाल पांघरवली आणि फर्मान काढलं की श्रीमंतांच्या अंगाचा एक कणही कुणी काढायचा नाही. आता धार लावून लावून चाक झिजणार, त्याला उंचवटे येणार, मग छिन्नीनं तासून ते पुन्हा गोल करावंच लागतं. पण मदार शिकलगाराचे हात बांधलेले. चाक गचके खात फिरू लागलं आणि तलवारींच्या धारा करवतीसारख्या निघू लागल्या. दिवाण मात्र मान डोलावून म्हणत, "वा, काय नक्षी!"

खंडेनवमी तोंडावर आली, तेव्हा महाराजांनी स्वतः एक तलवार उपसून पाहिली आणि ते मदारवर उखडले. "पूजेआधी चाक गोल झालं पाहिजे. पण कण पडता कामा नये. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो."

मदार घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको सकीना मात्र पदर खोचून तडक राजवाड्यावर गेली. महाराज दाढीला बसले होते. एक गाल उरकून न्हावी धोंडीबा दुसऱ्याला पाणी लावत होता.

"थांबा धोंडीबा, फर्मान मोडेल," सकीना म्हणाली.

"कसलं फर्मान?" महाराज गुरगुरले.

"हुजूर, दगडाच्या अंगाचा कण काढायचा नाही, मग हुजुरांच्या अंगाचा केस कसा काढायचा? धोंडीबांनी केस न काढता दाढी नीट करावी. त्यांना जमलं की ती युक्ती मी घरी जाऊन नवऱ्याला शिकवते."

धोंडीबानं निमूटपणे वस्तरा ठेवला, तेल चोपडलं आणि फणी फिरवली. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर खुंटांचं रान. महाराजांनी आरसा पाहिला आणि तोंड दिवाणांकडे वळवलं.

"वा, काय नक्षी!" दिवाण सवयीनं बोलून गेले.

महाराज पोट धरून हसले.

"तासू दे बाई तुझ्या नवऱ्याला. पण श्रीमंतांचा चुरा पडेल, त्याचं काय करायचं?"

"हुजुरांच्या दाढीचं धोंडीबा करतात तेच. झाडून टाकायचा."

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. चाकाची जरीची शाल मागवून त्यांनी सकीनाला दिली आणि धोंडीबाला म्हणाले, "चालव वस्तरा."