तळातले उतारू

आंबेवेळच्या खाडीकाठी श्रीचिद्घन महाराजांचा मुक्काम होता, त्या कार्तिकातील ही हकीकत. धाकू तारी हा त्यांचा भोळा भक्त लोकांना होडीने पैलतीरीच्या देवळात पोचवीत असे.

देवळातील उत्सवाच्या पूर्वदिनी त्याने होडी उपडी घातली, तो तळाच्या फळ्यांना मोहरीएवढी असंख्य छिद्रे! खाऱ्या पाण्यातला, लाकूड पोखरणारा शिंपला आत शिरला होता. देह अळीसारखा मऊ, टोकाला दोन चिमुकल्या शिंपा. अशा वेळी झावळ्यांच्या जाळावर तळ शेकून ते जीव मारायचे, ही तेथील रीत. धाकूने चूड पेटवलीही. तोच महाराज येऊन म्हणाले, "असू दे त्यांना. उद्या मीही ह्याच होडीने येईन."

धाकू चक्रावला. कीड राखून माणसे न्यावी कशी? आणि गुरुवाक्य मोडावे तरी कसे?

होड्या बांधणाऱ्या मानी बाबुशेट मेस्त्रीने आपली होडी शेकून, वर तेल-चुना फासून सज्ज ठेवली होती. तो सर्वांदेखत हसला. "धाकल्या, ही होडी नाय, चाळण आसा. गुरूक आधी पोहूक शिकव."

सकाळी दोन्ही होड्या निघाल्या. धाकू पुनःपुन्हा तळाकडे पाही. तळ कोरडा! धीर येण्याऐवजी त्याचा गोंधळच वाढे.

ऐन मध्यावर मेस्त्रीच्या होडीत आकांत उठला. लाटांनी चुना धुऊन नेला आणि मेलेल्या जिवांची रिकामी बिळे पाणी ओढू लागली. महाराजांनी होडी तिकडे घ्यावयास सांगितले. धाकूचे हात थबकले. आधीच बारा माणसे. आणखी अकरा घेतली तर सर्वांनाच जलसमाधी. महाराज शांतपणे नामस्मरण करीत होते. अखेर त्याने वल्हे फिरवले. अकराही जण चढले, आणि होडी सुखरूप तीराला लागली.

महाराज म्हणाले, "धाकू, जिवंत जीव आपल्या बिळाचे दार आपण लावून घेतो. मेल्यावर ते कोण लावणार?"

धाकूने मान डोलावली, पण मनाचा उलगडा होईना. मेस्त्रीने धाकूच्या होडीच्या तळाची फळी अंगठ्याने दाबून पाहिली. अंगठा पेरभर आत रुतला.

"महाराज, छिद्रां बुजली असतीत. पण ह्या लाकडात जीवच नाय. मगे तेवीस माणसांचो भार सोसल्यान कोणी?"

"मला काय विचारतोस? मीही उतारूच होतो."

मेस्त्रीने धाकूकडे पाहिले, धाकूने मेस्त्रीकडे. मग त्या मानी कारागिराने ओल्या वाळूत गुडघे टेकले आणि महाराजांच्या चरणी मस्तक ठेवले.